चाळणीला धरणारी माती

शिरवळला गोदरेजचा फ्रिजचा कारखाना आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि शिरवळ लागते. फ्रिजच्या मागे, कंप्रेसरच्या शेजारी, तांब्याची एक आखूड जाड नळी जोडलेली असते. दुरुस्ती करणारे तिला 'फिल्टर' म्हणतात, काही जण 'ड्रायर'. तिच्यात दीड-दोन मिलिमीटरच्या मातकट गोळ्या असतात. बंद नळ्यांतून फिरणाऱ्या वायूत राहून गेलेले पाण्याचे अंश टिपून घेणे हे त्यांचे काम. ते पाणी टिपले गेले नाही तर कॅपिलरीच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो, वायू अडतो आणि 'कॅपिलरी चोक झाली' असे निदान होते. म्हणून जाणता मेकॅनिक गॅस भरण्याआधी फिल्टर बदलतो आणि नवा फिल्टर पाकिटातून काढून उघडा ठेवून चहाला जात नाही. हवेतले पाणीही त्या गोळ्या तितक्याच तत्परतेने पितात.

हे पुस्तक त्या गोळ्यांबद्दल आणि त्यांच्या गोतावळ्याबद्दल आहे. शिरवळच्या आसपास या गोतावळ्याची आणखी दोन मोठी ठिकाणे आहेत. एक म्हणजे सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्या, जिथे इथेनॉलमधले शेवटचे पाणी अशाच गोळ्या काढून टाकतात. दुसरे म्हणजे रुग्णालयांच्या आवारात करोनाच्या काळात उभे राहिलेले ऑक्सिजनचे संच. फ्रिज, इंधन आणि श्वास यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आपल्याकडे रसायनशास्त्र शिकवताना हे तिन्ही विषय तीन वेगळ्या पुस्तकांत, तेही इंग्रजीत, पडून असतात. मराठीत त्यांना एकत्र आणणारे लेखन हवे होते.

मुळात होते काय, ते आधी पाहू. टॉवेल पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या अंगभर मुरते. अधिशोषणात रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटतात, आणि दाब कमी केला किंवा उष्णता दिली की सुटतात. चिकटायला जागा हवी, म्हणून पृष्ठभाग प्रचंड हवा. आणि तो लहानशा वस्तूत मावायला हवा, म्हणून वस्तू छिद्रांनी भरलेली हवी. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेत नऊशे अंशांच्या आसपास तापवला की जो ॲक्टिव्हेटेड कार्बन मिळतो, त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. आपल्या मापात दहा गुंठे. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन असते हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्ग जागा होतो. पण तेवढ्याने काम भागत नाही. या दहा गुंठ्यांत कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे ठरवता आले तरच दोन वायू वेगळे करता येतात. तिथे झिओलाइट येतो.

झिओलाइट महाराष्ट्राला नवा नाही. शिरवळजवळची बौद्ध लेणी ज्या काळ्या बेसाल्टात खोदली आहेत, तोच दगड दख्खनभर पसरला आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर पाझरलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइटचे स्फटिक वाढले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग काढताना सुरुंगांनी हे स्फटिक उघडे पाडले, आणि तेव्हापासून जगभरच्या संग्रहालयांत पुणे-नाशिक परिसरातले नमुने मांडलेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर डोळे दिपतील. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ साली असा एक खडा फुंकणीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसला. स्फटिकात कोंडलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. पाणी असे निघून जाते आणि स्फटिकाची चौकट मात्र ढासळत नाही. रिकाम्या झालेल्या खोल्या पुन्हा पाणी घ्यायला तयार असतात. पुढचा सारा उद्योग याच गुणावर उभा राहिला.

तरीही आपल्या घाटातला झिओलाइट कारखान्याच्या कामाचा नाही. तो पोकळ्यांत तुटक तुटक सापडतो. आज एका जातीचा, उद्या दुसऱ्या. त्याच्या खिडक्यांचे माप आपल्या हातात नसते. कारखान्याला लागणारा झिओलाइट माणसाने बनवलेला आहे. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ पासून सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचे जेल शिजवून 'ए' आणि 'एक्स' हे झिओलाइट तयार केले, आणि १९५४ पासून ते 'मॉलिक्युलर सिव्ह' या नावाने बाजारात आले. 'ए' झिओलाइटची गंमत अशी की त्यात सोडियम असेल तर खिडकी साधारण चार अँगस्ट्रॉमची; सोडियमच्या जागी अंगाने मोठे पोटॅशियम बसवले तर ते दारात उभे राहते आणि खिडकी तीनवर येते; कॅल्शियम घातले तर निम्म्याच आयनांत काम भागते, दार मोकळे होते आणि माप पाचवर जाते. थ्री-ए, फोर-ए, फाइव्ह-ए ही नावे त्यावरूनच पडली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या मापाचे दार मिठाच्या पाण्यात भिजवून लहानमोठे करता येते, हे मला आजही नवलाचे वाटते.

इथवरची कहाणी कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात मिळते आणि बहुतेक पाठ्यपुस्तके इथेच थांबतात. या पुस्तकाचे महत्त्व पुढच्या भागात आहे. जेलमधून निघालेला झिओलाइट म्हणजे काही मायक्रॉनच्या स्फटिकांची भुकटी. ती टाकीत भरून वरून वायू सोडला तर वायू जाणारच नाही, आणि जोर लावला तर भुकटीच उडून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल. म्हणून भुकटीत माती मिसळतात. केओलिन, बेंटोनाइट, ॲटापल्जाइट अशा चिकणमाती साधारण दहा ते वीस टक्के घालून, मळून, गोळ्या वळून किंवा शेवयांसारखे साच्यातून काढून त्या भाजतात. उद्योगात वापरली जाणारी झिओलाइटची जवळजवळ प्रत्येक गोळी अशी संमिश्र असते: निवड करणारा स्फटिक आणि त्याला धरून ठेवणारी माती.

माती स्वतः फारसे काही पकडत नाही. म्हणजे गोळीच्या वजनाचा पाचवा-सहावा हिस्सा बिनकामाचा, असा हिशेब पहिल्यांदा मनात येतो, आणि तो कागदावर बरोबरही असतो. मात्र मातीचे कण आणि स्फटिक यांच्या मधल्या फटींतून, स्फटिकांच्या खिडक्यांपेक्षा शेकडो पटींनी रुंद अशा गल्ल्या तयार होतात, आणि रेणू गोळीच्या पोटापर्यंत पोचतात ते या गल्ल्यांतून. माती जास्त झाली, भाजणी चढली, तर गल्ल्या बुजतात. बाहेरचे स्फटिक दमतात आणि आतले रिकामे राहतात. माती कमी पडली तर गोळी चुरते. मोठी गोळी केली तर दाब कमी खर्च होतो पण रेणूला आत जायला वेळ लागतो. लहान केली तर वेळ वाचतो आणि कंप्रेसरचे विजेचे बिल वाढते. काही उत्पादक केओलिनने गोळी बांधतात आणि नंतर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून त्या मातीचेही झिओलाइटमध्ये रूपांतर करतात. त्याला बाइंडरलेस म्हणतात. युक्ती सुंदर आहे, आणि महागही. या तडजोडी कुशल कामगाराच्या हाताला ठाऊक असतात आणि शोधनिबंधात त्यांना अर्धी ओळ मिळते. पुस्तकाचे तिसरे आणि चौथे प्रकरण त्यांना दिले आहे, याबद्दल लेखकाचे विशेष कौतुक करायला हवे.

इथेनॉलचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. मळीपासून आंबवलेल्या द्रवात मद्यार्क जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतो. ऊर्ध्वपातनाने तो वाढवत नेला तरी वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथे पाणी आणि मद्यार्क एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वर लागते. पूर्वी हे उरलेले पाणी काढायला बेंझिन किंवा सायक्लोहेक्झेन घालत. आता सगळीकडे एमएसडीएच, म्हणजे मॉलिक्युलर सिव्ह डिहायड्रेशन, दिसते: थ्री-ए गोळ्यांनी भरलेले टॉवर, त्यांतून गरम मद्यार्काची वाफ. पाण्याचा रेणू तीन अँगस्ट्रॉमपेक्षा लहान, इथेनॉलचा त्याहून बराच मोठा. पाणी खिडकीतून आत जाते, इथेनॉल पुढे निघून जाते. काही मिनिटांनी वाफ शेजारच्या टॉवरकडे वळवतात आणि पहिल्यावर निर्वात लावून पाणी बाहेर काढतात. गोळी तिच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पाणी धरू शकते, तरी प्रत्येक फेरीत त्यातला थोडाच भाग वापरतात. पाणी चिकटताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता गोळ्यांतच साठवून पुढच्या मिनिटाला तेच पाणी सोडवायला वापरायची, अशी ही काटकसर आहे.

आणि हे सगळे बिघडते ते बहुधा स्फटिकामुळे नाही. वाफ नीट तापवलेली नसेल तर तिच्याबरोबर द्रवाचे थेंब येतात, तापलेल्या गोळ्यांवर पडतात, गोळीच्या आत एकदम वाफ होते आणि मातीचा बंध सुटतो. मग तळाशी भुकटी, जाळीत भुकटी, व्हॉल्व्हच्या बैठकीत भुकटी. देशात २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणापासून सुरू झालेला हा कार्यक्रम जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचला. त्याबद्दल उसाचा भाव, पाणी, गाड्यांचे मायलेज यांवर भरपूर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. त्या वादांत एमएसडीएचचा उल्लेख मी क्वचितच वाचला. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यापासून थेट उत्तर प्रदेशापर्यंत इंधनासाठी इथेनॉल करणाऱ्यांचे काम मात्र शेवटी या शेवटच्या चार-पाच टक्के पाण्यापाशी येते.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळ्या तत्त्वावर चालते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंच्या आकारात फरक अगदी थोडा आहे. 'एक्स' झिओलाइटच्या खिडकीतून दोघेही आरामात आत जातात. पण आत सोडियमचे किंवा लिथियमचे धनभारित आयन बसलेले असतात, आणि नायट्रोजनच्या रेणूतील विद्युतभाराची रचना अशी की तो त्या आयनांकडे जास्त ओढला जातो. नायट्रोजन थांबतो, ऑक्सिजन बाहेर येतो. दाब सोडला की नायट्रोजन सुटतो. एसो कंपनीतल्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांचे दोन टॉवर आलटून पालटून चालवण्याच्या या पद्धतीचे पेटंट १९६० चे. हवेतला आरगॉन मात्र ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबर बाहेर येतो. म्हणून या पद्धतीने कितीही उत्तम संच लावला तरी शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास थांबते. रुग्णाला ती पुरते.

एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी रुग्णालये धावत होती, तेव्हा मुंबईच्या आयआयटीत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने एक साधा वाटणारा प्रयोग झाला. कारखान्यांमध्ये नायट्रोजन तयार करणारे संच असतात. त्यांत कार्बनचे मॉलिक्युलर सिव्ह भरलेले असते. त्या कार्बनच्या छिद्रांत किंचित लहान असलेला ऑक्सिजन लवकर घुसतो आणि मागे राहिलेला नायट्रोजन बाहेर मिळतो. टॉवर तेच, कंप्रेसर तोच, फक्त कार्बन काढून झिओलाइट भरला की उलटे होते. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि मुंबईची स्पँटेक यांच्या सोबतीने असा बदल करून साडेतीन वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन त्यांनी मिळवला. आतल्या भरावावर सगळे यंत्र कसे फिरते, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या वर्षी पीएम केअर्समधून देशभर १,२२४ पीएसए संच, म्हणजे दाबाच्या चढउतारावर चालणारे असे ऑक्सिजन संच, मंजूर झाले आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांतले अकराशेहून अधिक सुरू झाले. संच उभारणे हा त्यातला सोपा भाग. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त प्रिय असते. एकदा पाणी आत बसले की साध्या दाबाच्या खेळाने ते निघत नाही. म्हणून टॉवरच्या तळाशी, हवा आत येते तिथे, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा थर देतात. तो पाणी अडवतो, वरचा झिओलाइट नायट्रोजन अडवतो. गोळीसारखा हा सबंध टॉवरही संमिश्रच म्हणायचा. कंप्रेसरमधून तेल आले, ड्रायर नादुरुस्त राहिला किंवा संच पावसाळाभर व्हॉल्व्ह उघडे ठेवून बंद पडून राहिला, तर तळापासून वरपर्यंत ओल चढत जाते आणि मीटरवरचा आकडा नव्वदच्या खाली घसरतो. महाबळेश्वरच्या पायथ्याशी पाऊस किती असतो हे इथल्यांना सांगायला नको. तालुक्याच्या रुग्णालयात हा संच सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती हे पुस्तक पडावे, अशी माझी इच्छा आहे. प्राध्यापकांच्या हाती ते पडेलच.

पाण्याच्या शुद्धीकरणावरचे प्रकरण त्या मानाने छोटे आहे, पण त्यात पुण्याची एक जुनी गोष्ट आली आहे. टाटांच्या पुण्यातील संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, १९८० च्या दशकात भाताच्या तुसाच्या राखेपासून 'सुजल' नावाचा गाळणीसंच तयार झाला. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि थोडा कार्बन असतो, दोन्ही सच्छिद्र. ती राख नुसती भरली तर पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून तिला सिमेंट आणि बारीक खड्यांत बांधले. इथेही बांधणारा पदार्थ हवाच होता. पुढे त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' आले. त्यात जंतू मारते ती चांदी; राखेचे काम तिला आधार देण्याचे आणि पाणी गाळण्याचे. विदर्भातल्या फ्लोराइडवर नागपूरच्या नीरीत कोळंबीच्या कवचांतून मिळणाऱ्या कायटोसानच्या मण्यांत लँथॅनम बसवून प्रयोग झाले आहेत. लेखकाने ते दोन परिच्छेदांत उरकले. मला आणखी हवे होते.

नव्या पदार्थांबद्दल सध्या गाजावाजा आहे, आणि त्याला कारणही आहे. धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून बनवलेल्या जाळ्यांना, म्हणजे एमओएफना, २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कितागावा, रॉबसन आणि याघी हे त्याचे मानकरी. त्यांच्यातल्या सर्वात मोकळ्या जाळ्यांत एका ग्रॅममागे सात हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मोजला गेला आहे, म्हणजे सत्तर गुंठ्यांच्या घरात. पुणे या कामात मागे नाही. एनसीएलमध्ये राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१३ मध्ये सेंद्रिय जाळ्या, सीओएफ, चक्क खलात घोटून तयार केल्या. आयसरमधले आर. वैद्यनाथन हे 'कॅल्फ-२०' या एमओएफवरच्या २०२१ च्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी एक आहेत. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट यांचा हा साधा, स्वस्त पदार्थ. पृष्ठभागाच्या शर्यतीत तो कुठेच नाही. पण ओलसर धुरातूनही तो कार्बन डायऑक्साइड उचलतो, वाफेला दाद देत नाही आणि पॉलिसल्फोन या प्लास्टिकमध्ये बांधल्यावरही त्याचे गुण टिकतात. म्हणून तो सिमेंट कारखान्याच्या धुराड्यापर्यंत पोचला. सत्तर गुंठेवाले बहुतेक भाईबंद अजून काचेच्या बाटलीतच आहेत. मला वाटते, शोधनिबंधाच्या शीर्षकात पृष्ठभागाचा आकडा मिरवण्याची पद्धत आता बंद करायला हरकत नाही.

दोन पदार्थ एकत्र आणले की त्यांच्या सीमेवर काय होते, हा या क्षेत्रातला खरा अवघड प्रश्न आहे. प्लास्टिकच्या पातळ पडद्यात झिओलाइटचे कण मिसळून वायू गाळायचे प्रयत्न कित्येक वर्षे चालू आहेत. कण आणि प्लास्टिक एकमेकांना नीट चिकटले नाहीत तर मधे फट राहते आणि वायू चाळणीला वळसा घालून निघून जातो. फार घट्ट चिकटले तर प्लास्टिकच्या साखळ्या खिडक्यांत शिरून त्या बुजवतात. सिलिका जेलच्या छिद्रांत कॅल्शियम क्लोराइड भरले तर मात्र जमते: एरवी ओल लागताच विरघळून वाहणारे मीठ छिद्रात अडकून राहते आणि नुसत्या जेलपेक्षा जास्त पाणी धरते. रशियात नोवोसिबिर्स्कच्या युरी अरिस्तोव यांनी १९९० च्या दशकात ही वाट दाखवली. कुठे जमते आणि कुठे नाही, यामागचे कारण सहाव्या प्रकरणात आहे. ते प्रकरण अवघड आहे आणि दोनदा वाचावे लागेल.

वाचायचे कसे, तेवढे सांगतो. विद्यार्थ्यांनी सुरुवातीपासून वाचावे. डिस्टिलरीत, रुग्णालयात किंवा फ्रिजच्या दुरुस्तीत ज्यांचा हात आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणे सोडून थेट तिसरे उघडले तरी चालेल. खरेदीची जबाबदारी असलेल्यांनी शेवटचे परिशिष्ट पाहावे. गोळ्यांचा डबा घेताना विक्रेत्याकडे कोणते आकडे मागायचे ते तिथे दिले आहे: चिरडण्याची ताकद, घर्षणाने पडणारी भुकटी, गोळीचे माप, डब्यात भरतानाची ओल. पृष्ठभागाचा आकडा विक्रेता न विचारताच सांगेल. वापरून संपलेल्या गोळ्यांचे पुढे काय करायचे, यावर पुस्तकात एकच पान आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीत ते वाढवावे असे मी लेखकाला कळवले आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डिस्टिलरीचे टॉवर रिकामे होतात, आणि त्यांतून टनावारी झिओलाइट आणि माती बाहेर येते.